एक टोला जास्त

३ नोव्हेंबर, सोमवार

नोकरी लागली. त्रेसष्टाव्या वर्षी हे वाक्य लिहिताना माझं मलाच हसू येतंय. छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासली, मग छापखानाच बंद झाला, आणि नंतरची वर्षं खिडकी आणि घड्याळ यांच्या मधल्या खुर्चीत गेली. आता पुन्हा डबा, पुन्हा छत्री, पुन्हा दाराला कुलूप लावलं की नाही म्हणून जिन्यावरून परत येणं.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे. पूर्वी तिथे डोळ्यांचा दवाखाना होता. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता कोणी काढलेला नाही. वरचं अक्षर तळहाताएवढं, शेवटची ओळ मुंगीएवढी. खिडक्यांना दुधी काचा आहेत. त्यामुळे आत दिवसभर पहाटच असते. अकरा वाजता वाटलं, अजून उजाडायचंय. चार वाजताही तेच वाटलं.

काम असं: नव्या कायद्याने माणसाला एक हक्क दिलाय. कंपन्यांकडे साठलेला आपला फोटो, आवाज, जुना पत्ता पुसून मागायचा. कंपनी नाही म्हणाली की अर्ज आमच्याकडे येतो. भिंतीपलीकडे एक बाई बसतात. त्या रेकॉर्डिंग ऐकतात आणि त्यात काय आहे ते कागदावर लिहितात. कागद भिंतीतल्या फटीतून माझ्या टेबलावर येतो. मी तो वाचतो आणि शेरा देतो. आवाज मी कधी ऐकायचा नाही, अर्जदाराचं नाव मला कळायचं नाही. ऐकणाऱ्या बाईंनी शेरा द्यायचा नाही. ज्याच्या कानात आवाज त्याच्या हातात निकाल नको, असं आमच्या प्रमुख वकीलबाईंचं म्हणणं. आणि सगळं कागदावर, कारण कागद चोरायला निदान माणसाला जिना चढून यावं लागतं.

शिक्के तीन. ‘ठेवा’, ‘पुसा’ आणि ‘विसरवा’.

“पुसा म्हणजे रेकॉर्डिंग गेलं,” वकीलबाई म्हणाल्या. “पण त्यावरून यंत्र जे शिकलं ते त्याच्या डोक्यात राहतंच. विसरवा म्हणजे त्या आवाजाशिवाय यंत्राला पुन्हा पहिलीत बसवायचं. ते खर्चाचं काम. म्हणून कंपन्या...”

“चिडतात,” मी म्हणालो.

“मी ‘कोर्टात जातात’ म्हणणार होते,” त्या म्हणाल्या.

घरी वही लिहितो, चालेल का, असं मी विचारून घेतलं. घरगुती वहीला बहुतेक देशांचे कायदे हात लावत नाहीत म्हणे. पण नावं नकोत. माणसाचं नाही, गावाचं नाही. तेव्हा इथे कुणाचंच नाव नाही. मला सवय आहे, आमच्या घरी बायकोने मला कधी नावाने हाक मारली नाही आणि मी तिला.

लिहिता लिहिता सात झाले. घड्याळाने आठ टोले दिले. एक टोला जास्त द्यायची त्याला लग्नात आल्यापासून खोड आहे. “एक वजा करायचा,” बायको म्हणायची. “घड्याळही तुमच्याच वळणावर गेलंय. सारखं पुढे.”

५ नोव्हेंबर, बुधवार

आज वकीलबाईंनी टेबलावर जगाचा नकाशा पसरला आणि रंगीत पेन्सिली घेऊन बसल्या. एका अख्ख्या खंडाने यंत्रांच्या पायऱ्या पाडल्यात: निरुपद्रवी, जपून वापरायची, आणि वापरायचीच नाहीत अशी. एका मोठ्या देशाला एक कायदाच नाही, प्रांतागणिक वेगळा. काही ठिकाणी कंपन्यांना लगाम आहे पण सरकारला मोकळं रान. काही ठिकाणी कायदा झालाय, नियम यायचेत. काही ठिकाणी नुसतीच चर्चा.

“आणि लहान मुलांचं?” मी विचारलं.

“बहुतेक ठिकाणी आईबापांची संमती लागते. आणि ती पुरते. मोठेपणी मूल म्हणू शकतं, मी तेव्हा लहान होते. काही कायदे ते ऐकतात, काही नाही. आपला नवा आहे. काय ऐकायचं ते अजून...”

“शिकतोय.”

“पूर्णविराम,” त्या म्हणाल्या, “माझं वाक्य मला संपवू द्या.”

तेव्हापासून ऑफिसात माझं नाव पूर्णविराम. मला वाईट वाटलं नाही. आयुष्यभर मुद्रितात गळलेली अक्षरं भरली आहेत. समोरच्याचं वाक्य डगमगलं की हात आपोआप पुढे जातो. ती मदतच असते.

संध्याकाळी धुक्यातून चालत आलो. रस्त्यावरचे दिवे धुक्यात विरघळत होते आणि मला वाटत होतं की नकाशावरच्या त्या रंगांवरूनच चालतोय, इथे हिरवा संपला, इथे पिवळा लागला, आणि प्रत्येक रंगात कोणीतरी आपला आवाज परत मागतंय.

९ नोव्हेंबर, रविवार

लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात असते, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. रविवारी पाचला फोन करते. बोलणं दहा मिनिटांचं, त्यातली आठ माझी.

“बाबा, मी एक अ...”

“अडचण आहे का काही?”

“न-नाही. मी अ...”

“अभ्यास? परीक्षा देतेस पुढची?”

“असू दे,” ती म्हणाली. हा शब्द तिला कधी अडत नाही.

लहानपणी तिचा शब्द फार अडायचा. मी हात टेकले नाहीत. ती सात वर्षांची असताना रोज संध्याकाळी पाच वाजता फोनचा कॅमेरा लावून तिला एक शब्द द्यायचो. ती अडली की मी पुरा करायचो, मग ती पुन्हा म्हणायची. इतर आईबापांना उपयोग व्हावा म्हणून ते सगळ्यांना दिसेल असं नेटवर ठेवायचो. चांगले सातशे-आठशे लोक बघायचे. परगावाहून आभाराचे निरोप यायचे. बायको मागे बसलेली असायची. मला म्हणायची, “अहो, सावकाश. गाडी सुटत नाहीये.” पंधराव्या वर्षी लेकीने ते सगळं काढायला लावलं. मी काढलं, पण महिनाभर घुश्शात होतो. माझ्याजवळची प्रत जुन्या फोनबरोबर पाण्यात गेली. बायकोला जाऊन आता चार वर्षं झाली. तिचा आवाज कुठेच नाही. तेव्हा कुणाला वाटलं होतं जपावा म्हणून? ती तर घरातच होती.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी वीज गेली. तक्रारीला फोन केला तर उचलला यंत्राने. हल्ली बँका, दवाखाने, वीज, सगळीकडे तेच बोलतं. मी म्हणालो, “आमच्याकडचे दि...” तर ते म्हणालं, “दिवे गेलेत, बरोबर?” मी थक्क. आवाज मायाळू, आणि माझ्यापेक्षा अर्धं पाऊल पुढे. पाच मिनिटांत काम झालं.

त्याला कोणी शिकवलं असेल त्याला शाबासकी द्यायला हवी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अर्ज क्रमांक ४१७. फटीतून आलेला कागद असा:

‘मुलगी, वय सहा ते आठ. रोज एक शब्द म्हणायचा सराव. शब्द अडतो. पुरुष तो पूर्ण करतो. मुलगी पुन्हा सुरुवात करते. पुरुष पुन्हा पूर्ण करतो. अशी एकशे बारा रेकॉर्डिंग. पुरुष प्रेमळ.’

वाचून मनातून सुखावलो. ही तर माझीच पद्धत. माझे व्हिडिओ बघून कोणीतरी उचललेली दिसते. म्हणजे ते सातशे लोक नुसतेच बघत नव्हते.

मुलगी आता सज्ञान आहे. तिला रेकॉर्डिंग पुसून हवीतच, शिवाय यंत्राने विसरावं अशीही मागणी आहे. कंपनीचं म्हणणं, वडिलांनी स्वतः अटींपुढे खूण करून संमती दिली होती, नंतर त्यांनी व्हिडिओ काढले असले तरी शिकणं आधीच झालं होतं. मी नियम पाहिले. शेरा लिहिला: ‘पुसा. विसरवण्याची गरज नाही. पालकाची संमती नियमानुसार.’

खरं सांगायचं तर मला त्या पोरीचा रागच आला. बापाने जीव ओतून शिकवलं, आणि हिला तेच जगातून नाहीसं करायचंय. ऐकणाऱ्या बाईंनीच लिहिलंय ना, प्रेमळ म्हणून. कागदाला शिक्का जरा जोरातच मारला.

१६ नोव्हेंबर, रविवार

लेकीचा फोन नाही. ‘जरा गडबडीत आहे’ असा निरोप लिहून पाठवला. लिहिताना ती अडत नाही.

दुपारी खुर्चीत डोळा लागला. स्वप्नात ऑफिसच्या भिंतीतल्या फटीतून कागद येत होते आणि सगळे कोरे. मी एकेकावर शब्द भरत होतो. भरला की कागद पुन्हा कोरा. शेवटी फटीतून एक लहान हात आला आणि माझी पेन्सिल अलगद काढून घेतली. जागा झालो तर खोलीत दुधी उजेड, आणि क्षणभर कळेना मी घरी आहे की ऑफिसात.

१९ नोव्हेंबर, बुधवार

हे नीट लिहायला हवं.

४१७ पुनर्विचारासाठी परत आला. अर्जदाराने आपलं निवेदन जोडलं होतं, ते पाकिटात बंद. पाकीट उघडण्याआधी ऐकणाऱ्या बाईंचा नवा कागद वाचायचा असतो. या वेळी त्यांनी एकच रेकॉर्डिंग तपशिलाने लिहिलं होतं:

‘रेकॉर्डिंगची वेळ, संध्याकाळी पाच. मागे घड्याळाचे टोले. मुलगी टोले मोजते, एकदाही न अडता: सहा. मागे एक बाई हसते.’

वेळ पाच आणि टोले सहा. साधी चूक. पस्तीस वर्षांची सवय, पेन्सिल उचलली, ‘सहा’वर काट मारून ‘पाच’ केलं, समासात ‘दुरुस्त केलं’ लिहिलं आणि कागद फटीतून परत सरकवला. आणि डबा उघडला.

दोन मिनिटांत कागद परत. त्यांच्या बारीक अक्षरात: ‘चूक नाही. तीनदा मोजले. सहाच.’

मी ते वाचलं. मग तक्त्याकडे बघत बसलो. वरचं अक्षर दिसत होतं. खालची ओळ दिसत नव्हती. जगात नादुरुस्त घड्याळं पुष्कळ असतील, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. ज्या घरात लेकीला रोज पाच वाजता शब्द देतात आणि ज्या घराचं घड्याळ पाचाला सहा टोले देतं, अशी घरंही दोन-चार असतील, असं सांगून पाहिलं. डबा तसाच राहिला.

ज्याला अर्जदार ओळखू आला त्याने कागद तिथेच मिटून उठायचं असतं. मी उठलो नाही. पाकीट फोडलं आणि वाचलं. जेवढं आठवतं तेवढं उतरवतो.

‘मला दवाखान्यातली तारीख बदलून दुसरी हवी होती. फोन केला. मी दु वर अडले. यंत्र म्हणालं, दुखतंय, बरोबर? मी नाही म्हणेपर्यंत त्याने पुढचं सगळं ठरवून टाकलं. अर्ध्या तासात रुग्णवाहिका प्रयोगशाळेच्या दारात आली. सगळे खिडक्यांतून बघत होते, आणि मला काही झालेलं नाही हे सांगायलाही मला वेळ लागत होता. मी कंपनीला विचारलं, माझा आवाज तुमच्याकडे आहे का. एकशे बारा तुकडे निघाले. त्या यंत्राची घाई माझ्या ओळखीची आहे. मी तिच्यात वाढले. ज्यांच्याकडून ते शिकलं ते वाईट नव्हते. त्यांना फक्त थांबता येत नव्हतं. त्यांच्यावर काही कारवाई नको. यंत्राने मात्र हे विसरावं.’

घरी आलो तेव्हा पाचला दोन मिनिटं कमी होती. घड्याळासमोर उभा राहिलो. एक, दोन, तीन, चार, पाच. आणि सहा.

तिला ‘अर्ज’ म्हणायचं होतं. त्या रविवारी. मी ‘अडचण’ म्हणालो आणि ‘अभ्यास’ म्हणालो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ऑफिसला गेलो नाही. धुक्यात नदीपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. माझ्या डोळ्यात तर पुरं मुसळ होतं, आणि मी डोळ्यांच्या दवाखान्यात बसून लोकांना शेरे देत होतो.

वीज गेली त्या दिवशी ज्याला शाबासकी द्यायला निघालो होतो तो मीच.

एक गोष्ट कबूल करायला लाज वाटते. काल रात्रीपासून माझ्या मनात लेकीच्या आधी दुसरीच गोष्ट येते. ‘मागे एक बाई हसते.’ म्हणजे तो आवाज आहे. भिंतीपलीकडे, माझ्या टेबलापासून चार हातांवर, एकशे बारा वेळा आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वकीलबाईंच्या समोर जाऊन बसलो.

“४१७ माझ्या घरातला आहे,” मी म्हणालो. “मुलगी माझी. तो पुरुष मी.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “शेरा तुम्ही दिलाय.”

“दिला. परवा पुराव्यावर पेन्सिलही चालवली. आणि ओळखल्यावर निवेदन वाचलं.”

“आपलेच दात आणि आपलेच ओठ,” त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, दमल्यासारख्या वाटल्या. शेरा रद्द. निकाल दुसऱ्या कार्यालयाकडे, रेकॉर्डिंग मात्र इथेच. मी आजपासून पाकिटांच्या टेबलावर, आणि निकाल लागेपर्यंत लेकीशी याबद्दल अक्षर बोलायचं नाही.

“दुसरं कार्यालयही तोच शेरा देईल?”

“देईल. संमतीचा कागद तुमचाच आहे आणि तो नियमात बसतो. तुम्ही नेमकं तेच लिहिलंत.”

“संमती मागे घेता येते?”

“येते. नव्या कायद्यात पालकाने सांगितलं की मुलाला विचारलं नव्हतं, तर संमती मुळातूनच सैल होते. पण ते या टेबलावरून नाही. खाली खिडकीवर, सगळ्यांसारखं रांगेत उभं राहून.” मग त्यांनी चष्मा पुन्हा लावला. “आणखी एक. कायद्याने सांगणं माझं कामच आहे. त्या रेकॉर्डिंगमध्ये तुमचाही आवाज आहे. पुसण्याआधी तुमची प्रत मागायचा हक्क तुम्हाला आहे. त्याच फॉर्मवर चौकोन आहे. तुमच्या पत्नींचाही...”

त्यांचं वाक्य तिथेच राहिलं. मी ते पूर्ण केलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज खिडकीच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिलो. तीन आठवडे वरच्या मजल्यावर बसून मला वाटायचं, अर्ज म्हणजे कागद. खाली रांगेत कळलं, अर्ज म्हणजे हातातली पिशवी, पायातली चप्पल, पुनःपुन्हा घडी घातल्याने मऊ पडलेली पावती. माझ्या पुढच्या बाईंना आपला एक फोटो जगातून नाहीसा करायचा होता. त्या खिडकीवर कुजबुजत होत्या, आणि आतली कारकून मुलगी मोठ्याने विचारत होती.

फॉर्मवर: ‘संमती मागे घेण्याचं कारण (दोन ओळी)’. मी घरून पानभर लिहून नेलं होतं. छापखान्याची शिस्त, बायकोचं आजारपण, आईबापांचा हेतू. दोन ओळींत ते मावेना. एकेक वाक्य खोडत गेलो. शेवटी उरलं ते लिहिलं: ‘मुलीला विचारलं नव्हतं.’ एका ओळीतच बसलं.

खाली तो चौकोन. ‘पुसण्यापूर्वी मला प्रत हवी आहे.’

किती वेळ उभा होतो माहीत नाही. खिडकीवरची मुलगी म्हणाली, “काका, घाई नाही. पण मागे लोक आहेत.” मी म्हटलं, हो. मला तो आवाज हवा होता. लिहितानाही हवाय. ‘गाडी सुटत नाहीये’ असं ती त्यात किती वेळा म्हणाली असेल. पण तिचा आवाज त्यातून वेगळा निघत नाही. तो लेकीच्या अडलेल्या शब्दाच्या पाठीमागे आहे, आणि माझ्या घाईच्या. प्रत घ्यायची म्हणजे ते सगळं घरी आणून कपाटात ठेवायचं. तेही पुन्हा तिला न विचारता.

चौकोन रिकामा ठेवून कागद आत सरकवला. बाहेर आलो. समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसलो आणि रडलो. दुकानदाराने काही न विचारता पाण्याचा पेला आणून ठेवला.

४ डिसेंबर, गुरुवार

निकाल लागला. ‘विसरवा.’ कंपनीला सहा महिने दिलेत, यंत्राला नव्याने शिकवायला. तोवर फोनवर ते कुणाचंही वाक्य पूर्ण करणार नाही, शेवटपर्यंत ऐकून घेईल. कंपनी कोर्टात जाईल असं वकीलबाई म्हणाल्या, आणि या वेळी वाक्य त्यांनीच संपवलं.

रेकॉर्डिंग मात्र आजच पुसली. पुसल्यावर ऐकणाऱ्या बाई ती जागा पुन्हा पूर्ण ऐकतात, काही मागे राहिलं नाही ना म्हणून. एकशे बारा तुकडे म्हणजे साडेचार तासांची शांतता. मी माझ्या टेबलावर पाकिटं चिकटवत होतो. भिंतीपलीकडून आवाज नव्हता. दुधी काचांतून तोच तो पहाटेचा उजेड येत होता, आणि मला वाटत होतं की पलीकडच्या खोलीत माझं जुनं घर आहे, पाच वाजलेत, तिघं बसलोत, आणि कोणी काहीच बोलत नाहीये. मला ते बरं वाटलं. असं आम्ही कधी बसलो नव्हतो.

चार वाजता फटीतून कागद आला. तो दुसऱ्या टेबलाचा, पण बाईंनी माझ्या बाजूला सरकवला होता. ‘४१७. पूर्ण ऐकलं. काहीही नाही.’

मी वाचला, पेन्सिल न उचलता ज्याचा त्याला दिला.

७ डिसेंबर, रविवार

पाचला काही मिनिटं असताना फोन वाजला. गेले तीन रविवार वाजला नव्हता.

“बाबा,” लेक म्हणाली. “प...”

जिभेच्या टोकावर चार शब्द आले. पत्र, पैसे, पाणी, परत. मी डाव्या हाताने उजवा हात धरून ठेवला, जणू शब्द हातातूनच निघणार होते. फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता. खिडकीबाहेर धुकं उतरत होतं. गाडी सुटत नाहीये, मी मनात म्हणालो. बायकोचं वाक्य मी प्रथमच वापरत होतो.

“प... पत्र आलं,” ती म्हणाली. “कारण व-वाचलं. तुम्ही लिहिलेलं.”

“हं,” मी म्हणालो. पुढे काय बोलायचं हे ठरवलेलं होतं, पण ते पानभर होतं. मी खोडलं. “चुकलं माझं,” म्हणालो.

ती काही बोलली नाही. मीही नाही. पूर्वी एवढ्या वेळात मी तिला तीन सल्ले दिले असते.

मग तिने विचारलं, प्रत मागितली का. तिलाही तो चौकोन माहीत होता. नाही म्हणालो. “आईचा आ...” ती म्हणाली आणि अडली. तो शब्द मला माहीत होता. जगात मला दुसरा कुठलाही शब्द इतका माहीत नसेल. मी थांबलो.

“आवाज होता त्यात,” ती म्हणाली.

“होता.”

दोघंही रडत होतो असं वाटतं. तिच्याबद्दल मी सांगू शकत नाही.

मग मी ते विचारलं जे या वहीच्या पहिल्या पानावर विचारायला हवं होतं. म्हणालो, “मी एक वही लिहितो. घरगुती. नावं नाहीत त्यात. पण तू आहेस. लिहू का?”

तिने वेळ घेतला. शब्द ‘न’ने सुरू झाला आणि तिथेच राहिला. तो काहीही असू शकत होता, आणि मी अंदाज केला नाही.

“न... नको, बाबा. म-मीच सांगत जाईन तुम्हाला. दर रविवारी. तुम्ही ऐ... ऐका. आजचं ए-एवढं मात्र लिहा.”

एवढं लिहिलं.

तिचं हे बोलणं संपतंय तोच घड्याळ सुरू झालं होतं. फोन दोघांच्याही कानाला होता. सहा टोले पडले. आम्ही दोघांनी पाच धरले.